भिंगरीचं औषध

भिंगरी चालायला शिकली तीच मुळी गोल गोल. सरळ जाणं तिला ठाऊकच नव्हतं. दारापर्यंत जायचं असलं तरी आधी स्वतःभोवती दोन गिरक्या, मग एक पाऊल, मग परत गिरकी. बापानं तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली आणि खरं नाव फक्त दवाखान्याच्या कागदांवर उरलं. त्याच सुमारास तिच्या आत्याचंही नाव गेलं. भिंगरी आत्या म्हणायची म्हणून सख्खा थोरला भाऊ तिला आत्या म्हणायला लागला, मग वहिनी, मग खालचा दुकानदार. "मी काय जगाची आत्या आहे का?" असं ती चिडून विचारायची, पण तिला ते आवडायचं. तिनं लग्न केलं नव्हतं. दर रविवारी ती भावाकडे जेवायची आणि भिंगरीला झोपवून मगच घरी परतायची.

भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली, आत माणसं ओरडतायत, बाहेर माणसं ओरडतायत, आणि हा शांतपणे पान्ह्यानं एकेक झाकण उघडतोय, हे त्याचं रोजचं काम. बिघाड कुठेतरी एकाच जागी असतो, ती जागा सापडली की निम्मं काम झालं, असं तो म्हणायचा. घरातला नळ असो की शेजाऱ्यांचं भांडण, त्याची हीच पद्धत.

आत्याचं काम समजावून सांगायला कठीण होतं, पण भावानं ते खोदून खोदून विचारून घेतलं होतं. ती एका संशोधन संस्थेत वनस्पतींच्या पेशींवर काम करायची. झाडाच्या पेशीत मध्यभागी एक मोठी पिशवी असते, तिला रिक्तिका म्हणतात. पेशी जी प्रथिनं तयार करते त्यातली काही या पिशवीत जायची असतात, काही पेशीच्या बाहेर. कोणी कुठे जायचं हे कसं ठरतं, हा आत्याचा विषय. ती घेवड्याच्या कोवळ्या बिया चिरून त्यात हेच शोधत बसायची.

"रिक्तिका म्हणजे रिकामी ना?" भाऊ एकदा जेवताना म्हणाला. "आणि तू म्हणतेस ती भरलेली असते."

"नाव ठेवणाऱ्याला त्या वेळी काही दिसलं नसेल. पाणी असतं, साखर, रंग, प्रथिनं. जुनं काही मोडायचं असेल तर तेही तिथेच."

"आणि प्रथिनाला कसं कळतं तिकडे जायचं ते?"

"त्याच्या अंगावरच एक छोटासा तुकडा असतो. बऱ्याचदा शेपटाकडे. वाटेत एक ओळखणारा बसलेला असतो, तो तेवढा तुकडा पकडतो आणि पिशवीकडे वळवतो. शेपूट कापलं तर प्रथिन सरळ बाहेर जातं."

"म्हणजे बाहेर जायला काही लागत नाही. घरात राहायला मात्र ओळख लागते," वहिनी म्हणाली. "आमच्या माहेरी अगदी उलट होतं." सगळे हसले. सगळे हसतायत म्हणून भिंगरीही हसली आणि ताटाभोवती फिरायला उठली.

चार वर्षांची होता होता भिंगरी गिरकी घेताना पडायला लागली. आधी सगळ्यांना वाटलं, चक्कर येत असेल. मग ती सरळ चालतानाही पडायला लागली. मग तिचे शब्द कमी झाले. आधी मोठी वाक्यं गेली, मग छोटी. तपासण्या झाल्या, पुन्हा झाल्या, आणि एक दिवस मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी तिघांनाही आत बोलावलं. त्यांनी टेबलावरची पेनं उगाचच एका रांगेत लावली आणि सांगितलं, की माणसाच्या पेशीतही एक पिशवी असते, कचरा मोडायची. त्यासाठी तिथे वेगवेगळी एन्झाइम असतात. भिंगरीच्या पेशींत त्यातलं एक तयारच होत नाही. त्यामुळे कचरा साठत जातो, सगळीकडे, आणि मेंदूत सगळ्यात जास्त.

"औषध?" भावानं विचारलं.

"या आजारावर नाही."

वहिनी तपासण्यांचे कागद गोळा करायला लागली. भाऊ मात्र बाहेर येऊन जिन्यात थांबला. आत्यानं त्याच्याकडे पाहिलं, तर त्याच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. लिफ्टचं झाकण उघडून आत बिघाड दिसल्यावर व्हायचा तसा त्याचा चेहरा झाला होता.

"एकच गोष्ट नाही," तो म्हणाला. "एकच. आणि ती नेऊन पोचवायची कुठे, तर पिशवीत. आत्या, हे तुझंच काम आहे."

"दादा, माझं काम घेवड्याचं आहे."

पण तो ऐकून घेणारा नव्हता. पुढचे काही दिवस तो मिळेल ते वाचत होता. एका संध्याकाळी तो तिच्या घरी आला तो बूटही न काढता आत शिरला. याच जातीच्या एका दुसऱ्या आजारावरचं एन्झाइम गाजराच्या पेशींत तयार करतात, आणि ते त्या पेशींच्या रिक्तिकेत मुद्दाम पाठवतात, हे त्याला सापडलं होतं. हे खरं होतं आणि आत्याला ते माहीत होतं. रिक्तिकेत गेल्यावर त्या एन्झाइमवरच्या साखरेच्या साखळ्यांची टोकं छाटली जातात, आणि आतली जी साखर उघडी पडते तिच्यावरून माणसाच्या काही पेशी त्याला ओळखून आत ओढून घेतात.

"त्या आजारात मेंदूला काही होत नाही," ती सावकाश म्हणाली. "निदान ज्या माणसांना ते औषध देतात त्यांच्यात नाही. दादा, नीट ऐक. मेंदूला कुंपण असतं. रक्तात टोचलेली असली मोठी प्रथिनं ते कुंपण ओलांडत नाहीत. मी एन्झाइम तयार केलं, पूर्ण चांगलं तयार केलं, तरी ते तिच्या यकृतात जाईल, हाडांत जाईल. मेंदूत जाणार नाही."

"समजा यकृत सुधारलं, तर तेवढं तरी सुधारेल ना?"

"तेवढं सुधारेल."

"मग कर की."

तिनं हो म्हटलं. का म्हटलं हे ती पुढे कोणाला सांगू शकली नाही. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो बाहेर पडलं, असंच ते झालं. वहिनीला सांगताना ती हसून म्हणाली, "गाजराची पुंगी आहे ही. वाजली तर वाजली."

"नाही वाजली तर?" वहिनीनं विचारलं. म्हण तिलाही पाठ होती, पण तिनं ती पुरी केली नाही.

संस्थेत आत्याच्या वरती एक मॅडम होत्या. कडक, पण सरळ मनाच्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "शास्त्र म्हणून प्रश्न चांगला आहे. कोणतं शेपूट लावलं की प्रथिन कोणत्या रिक्तिकेत जातं, हे आपण शोधतोच आहोत. पेशी गाजराच्या घे, प्रथिन हे घे, माझी हरकत नाही. पण हे औषध नाही. घरी हा शब्द वापरू नकोस."

घरी तो शब्द आधीच वापरून झाला होता. "आत्या गाजरातून तुझं औषध करतेय," असं भावानं भिंगरीला सांगितलं. तेव्हा तिला थोडंफार बोलता यायचं. तिनं तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "गाजर नको." हे तिचं शेवटचं पूर्ण वाक्य ठरलं. पुढे बरेच दिवस ते आठवून घरात कोणीतरी हसायचं आणि मग उठून कामाला लागायचं.

गाजराच्या पेशी काचेच्या चंबूत, गोडसर पाण्यात वाढतात. चंबू एका हलत्या फळीवर लावलेले असतात आणि फळी दिवसरात्र गोल गोल हलत राहते. आतलं पाणी खिरीसारखं दाट झालं की पेशी चांगल्या वाढल्या असं समजायचं. आत्यानं भिंगरीत नसलेल्या एन्झाइमचा जनुक या पेशींत घातला आणि त्याला आपल्या घेवड्यातलं एक शेपूट जोडलं. पेशींनी एन्झाइम तयार केलं. शेपूट ओळखलं गेलं, एन्झाइम रिक्तिकेत पोचलं. आणि तिथल्या कापणाऱ्या प्रथिनांनी त्याचे तुकडे तुकडे केले.

तिनं शेपूट काढून पाहिलं. एन्झाइम सरळ पेशीच्या बाहेर, चंबूतल्या पाण्यात आलं. अगदी अख्खं. पण त्याच्या साखरेची टोकं छाटलेली नव्हती, त्यामुळे माणसाच्या पेशी त्याच्याकडे ढुंकूनही पाहीनात. आत पाठवावं तर मोडतंय, बाहेर ठेवावं तर निरुपयोगी. इकडे आड तिकडे विहीर.

रविवारी भाऊ विचारायचा, "कुठे अडकलंय?" ती सांगायची. तो जेवण थांबवून ऐकायचा, प्रश्न विचारायचा, आणि त्याचे प्रश्न चुकीचे नसायचे. "पिशव्या एकाच प्रकारच्या असतात का?" त्यानं एकदा विचारलं. नसतात. काहींमधे मोडतोड जास्त होते, काहींमधे साठवण. हे आत्याला माहीतच होतं आणि दुसऱ्या शेपटांची तयारीही तिनं चालवली होती. पण तिनं त्याला ते सांगितलं नाही. "चांगला प्रश्न आहे दादा," एवढंच म्हणाली. तो त्या रात्री मन लावून जेवला. वहिनी मांडीवर भिंगरीला घेऊन तिला पातळ भात भरवत होती. प्रत्येक घासानंतर ती लेकीच्या गळ्यावर हलकेच बोट ठेवून पाहायची, गिळला की नाही.

पाचव्या की सहाव्या शेपटानं काम केलं. तंबाखूच्या एका प्रथिनावरून घेतलेलं ते शेपूट होतं. एन्झाइम रिक्तिकेत गेलं, अख्खं राहिलं, त्याची टोकं छाटली गेली. आत्यानं ते शुद्ध करून घेतलं. मग डॉक्टरीणबाईंच्या परवानगीनं भिंगरीचं थोडं रक्त आणून त्यातल्या पेशी ताटलीत वाढवल्या. त्या पेशी कचऱ्यानं फुगलेल्या होत्या. त्यांच्यावर तिनं एन्झाइम घातलं. काही दिवसांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर फुगवटा ओसरलेला होता. पेशी अगदी साध्या, कोणाच्याही असाव्यात तशा दिसत होत्या.

ती बराच वेळ डोळा लावून बसली. आपल्याला आनंद झाला आहे हे तिला कळत होतं. आणि याच्यापुढे आता काहीही नाही, हेही तिला त्याच क्षणी कळलं. तोवर काहीतरी अडलेलं होतं, म्हणून काहीतरी करायचं होतं. आता काही अडलेलं नव्हतं.

भावाला तिनं बोलावलं नसतं, पण फोनवर आवाजावरून त्याला कळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो कामाच्या कपड्यांतच संस्थेत आला, हाताला ग्रीसचा वास. तिनं त्याला पांढरा कोट घालायला दिला. तो त्याला दंडात घट्ट झाला. त्यानं आधी आजारी पेशी पाहिल्या, मग दुसऱ्या ताटलीतल्या.

"या कोणाच्या?"

"तिच्याच."

"तिच्याच? भिंगरीच्या?"

"हो."

त्यानं डोळा न काढता विचारलं, "मग आता अडलंय कुठे?"

"दादा, मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"कुंपण."

"कुंपण. आणि हे माणसाला टोचण्याइतकं शुद्धही नाही. आधी प्राण्यांवर, मग किती तरी तपासण्या, मग माणसांवर. त्याला वर्षं लागतात. आणि ती सगळी वर्षं घालवली तरी मेंदूत ते जाणारच नाही."

तो सरळ झाला. "इथे बरी झाली आहे ती," ताटलीकडे बोट करत तो म्हणाला. "मी बघितली."

तेवढ्यात मॅडमनी तिला बोलावलं म्हणून ती शेजारच्या खोलीत गेली. परत आली तेव्हा भाऊ कोट काढून नीट घडी घालत होता. कामावर जायला हवं, म्हणाला. बर्फाच्या डब्यातली एन्झाइमची एक कुपी कमी आहे हे तिला तेव्हा दिसलं नाही.

कळलं ते दुसऱ्यांच्या सांगण्यावरून. भिंगरीची छाती तपासायला घरी एक सिस्टर यायच्या. भावानं कुपी त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हणाला, हे टोचा. कसलं औषध आहे, त्यांनी विचारलं. माझ्या बहिणीनं केलंय, तो अभिमानानं म्हणाला, आणि सगळं सांगून टाकलं: गाजर, रिक्तिका, शेपूट. सिस्टर घाबरल्या. त्यांनी कुपी पिशवीत घातली आणि सरळ दवाखान्यात नेऊन दिली. दवाखान्यानं संस्थेला विचारलं. संस्थेत एकच गोंधळ उडाला.

मॅडम तिच्यावर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "तुझ्या भावाच्या जागी मी असते तर मीही नेली असती," त्या म्हणाल्या. "पण टोचली असती तर ती मुलगी तिथल्या तिथे गेली असती, हेही खरं आहे. हे काम बंद करायचं. पेशी ठेवायच्या नाहीत. एकही चंबू नाही, रक्ताच्या पेशीही नाहीत. तू परत घेवड्यावर जा."

"निदान गाजराच्या पेशी गोठवून ठेवू?"

"नाही."

गाजराचे चंबू तिनं स्वतःच उतरवले. हलती फळी बंद केल्यावर आतली पिवळट खीर थोडा वेळ फिरत राहिली, मग तळाशी बसली. भिंगरीच्या ताटल्याही तिनंच आणल्या. सगळं जाड पिशव्यांत भरून तिनं निर्जंतुकीकरणाच्या मोठ्या कुकरमधे लावलं, झाकण आवळलं आणि वाफ धरेपर्यंत तिथेच उभी राहिली. मागून कोणीतरी, जेवायला येतेस का, असं विचारून गेलं.

त्याच संध्याकाळी ती भावाकडे गेली. तो दारातच उभा होता.

"का नेलीस?"

"तू दिली नसतीस."

"नसतीच दिली! मेली असती ती, कळतंय का तुला? झाडाची प्रथिनं असतात त्यात, ती अंगात गेली तर श्वास कोंडतो. तुझ्या हातात कुपी, आणि तुझ्या हातून…"

"आणि नाही टोचली तर जगणार आहे का?"

आतून वहिनीचा आवाज आला, "हळू बोला. ती दचकते."

मग भाऊ हळू आवाजात म्हणाला, "बरं, ते जाऊ दे. तिच्या त्या पेशी आहेत ना अजून? बऱ्या झालेल्या?"

"नाही. सगळं नष्ट करायला लावलं."

"कोणी केलं?"

"मी."

तो तिच्याकडे बघत राहिला. तिला वाटलं हा आता हात उगारेल, किंवा रडेल. तो बाजूला सरकला, ती आत जाईपर्यंत दार धरून उभा राहिला, आणि मग स्वतः बाहेर निघून गेला. त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलेनासा झाला. भांडला नाही, ये म्हणाला नाही, येऊ नको म्हणाला नाही. रविवारी ती आली की त्याला कुठल्यातरी इमारतीतून फोन आलेला असायचा.

ती येत राहिली. वहिनीला दोन हात जास्तीचे हवे असायचे. भिंगरीला आता नळीतून दूध द्यावं लागायचं, आणि घशात साचलेलं एका लहानशा मशीननं ओढून काढावं लागायचं. मशीन खरखर आवाज करायचं आणि भिंगरीचे डोळे मोठे व्हायचे, पण ती रडत नसे. रडणं कधीच गेलं होतं. आत्या तिचे पाय चोळायची. ते पाय लांब झाले होते. बाकी सगळं थांबलं तरी ती उंच मात्र होत होती, आणि वहिनी दर काही महिन्यांनी तिच्यासाठी मोठ्या मापाचे पायजमे आणत होती.

एकदा पाय चोळताना वहिनी म्हणाली, "तुला माहीत होतं ना, काही होणार नाही ते?"

"हो."

"मलाही होतं," वहिनी म्हणाली. "पण तो रात्री झोपायचा गं. तुझं काम चालू होतं तोवर तो झोपायचा."

भिंगरी एका साध्या सकाळी गेली. आधी ताप आला, मग छाती भरली, आणि डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यात आणायचं की घरीच ठेवायचं असं विचारलं तेव्हा भावानं, त्यानंच, घरी म्हटलं. आत्या पोचली तेव्हा तो पलंगाच्या कडेला बसून लेकीचे केस विंचरत होता. भांग वाकडा पडला होता. त्यानं तो मोडून परत पाडला, तोही वाकडा पडला. आत्यानं हात पुढे केला तेव्हा त्यानं कंगवा तिला दिला. तिनं भांग पाडला. एवढंच त्या दोघांत झालं. त्यानंतर लोक आले.

भावाकडून पुढे कामावर दोनदा चूक झाली म्हणून त्याला लिफ्टच्या दुरुस्तीला पाठवणं बंद झालं. तो आता लिफ्टच्या कंपनीच्या कोठारात सुटे भाग मोजून देतो. आत्या घेवड्याच्या बिया चिरते. मॅडमनी तिचं तंबाखूच्या शेपटाचं काम, एन्झाइमचा उल्लेख गाळून, एका छोट्या लेखात छापायला सुचवलं. तिनं लिहिलं, ते छापून आलं, तिनं ते वाचलं नाही.

भिंगरी गेल्यावर महिन्याभरानं वहिनीचा फोन आला होता. ते खरखरणारं मशीन भाड्यानं आणलेलं होतं, परत द्यायला हवं होतं, आणि भाऊ त्याला हात लावायला तयार नव्हता. दोघी मिळून गेल्या. रस्ता चढाचा होता. मशीन फार जड नव्हतं, पण एकीला धरायला अवघड, म्हणून दोन्ही बाजूंनी धरून त्या थांबत थांबत चालल्या. दुकानात व्हीलचेअर मांडलेल्या आणि कुबड्या टांगलेल्या होत्या. दुकानदारानं मशीन उघडलं, नळ्या पाहिल्या, खटका दाबून ते चालतंय याची खात्री केली. खरखर ऐकून वहिनीनं मान वळवली.

"स्वच्छ ठेवलंत हं," दुकानदार म्हणाला. "लोक काय काय करून आणतात. मग आता पेशंटला बरं आहे ना?"

"हो," वहिनी म्हणाली.

"छान, छान," म्हणून त्यानं मशीन मागच्या फळीवर ठेवलं.

बाहेर आल्यावर दोघींना हातांचं काय करावं ते कळेना. वहिनीनं पदर सारखा केला. आत्यानं विचारलं, चहा घ्यायचा का. वहिनी नको म्हणाली. त्या थांब्यावर उभ्या राहिल्या. बस आली ती भरलेली होती, ती त्यांनी सोडली. पुढची येईपर्यंत वहिनीनं घरात भाजी काय आहे याचा हिशेब केला आणि आत्यानं ऐकला.